आईच्या बांगड्या मोजून परत देणाऱ्या सिस्टरना

सिस्टर, नमस्कार.

तुम्हाला मराठी येत नाही हे माहितीय, पण बंगळुरात आपली माणसं काय कमी आहेत का, कोणीतरी वाचून दाखवेलच. सोलापूरला परत येऊन तीन आठवडे झाले, रोज लिहीन म्हणतो आणि लिहायला घेतलं की गळा दाटून येतो.

आईच्या हातात बारा हिरव्या बांगड्या होत्या. तुमच्याकडे यायच्या आधी आम्ही एका दवाखान्यात गेलो होतो, तिथं ऑपरेशनला घ्यायचंय म्हणून वॉर्डातल्या बाईने टकाटक तीन फोडल्या, आणि मग काउंटरवरून निरोप की डिपॉझिट पूर्ण नाही, आज होणार नाही! आमच्यात बांगडी फुटली असं तोंडाने म्हणतसुद्धा नाहीत ओ, वाढवली म्हणतात. आणि वडील तिथंच शेजारी उभे. आई काही बोलली नाही, हात पदराखाली घेऊन घरी आली.

चुलतभाऊ बंगळुरात असतो म्हणून उद्यान एक्सप्रेस धरून तुमच्या सेंट जॉन्स हॉस्पिटलला आलो. ऑपरेशनचं मला काही कळत नाही, डॉक्टरांचे पाय तिथंच धरले. पण डोळ्यासमोर येतात ते तुमचे साबणाने माखलेले हात. आठ बांगड्या निघाल्या, नववी अंगठ्यापाशी अडून बसली, तर तुम्ही आईच्या हातात रबरी हातमोजा चढवला आणि त्यावरून ती अलगद सरकवत काढली, आमचा कासार प्लास्टिकची पिशवी घालून करतो अगदी तसंच. मग सगळ्या गॉजमध्ये गुंडाळल्या, वर चिकटपट्टी लावून आईचं नाव लिहिलं आणि तिला म्हणालात, "ओंबत्तु, सरी ना अक्का?" म्हणजे नऊ, बरोबर ना अक्का? आई अक्कलकोटकडची, कन्नड ऐकलं आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. तुमच्या स्वतःच्या हातात एकही बांगडी नाही, हे तिनेच मला नंतर सांगितलं.

भाऊ सांगत होता, कॅथलिक बिशपांनी १९६३ साली आधी मेडिकल कॉलेज काढलं, हॉस्पिटल १९७५ ला आलं. मुगळूर नावाच्या खेड्यात तुमचं आरोग्य केंद्र आहे, पोरांना पहिल्या वर्षातच खेड्यात नेऊन ठेवतात म्हणे, आणि डॉक्टर झाल्यावर कुठल्या कुठल्या आडगावी मिशनच्या दवाखान्यात पाठवतात. आमच्या सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ ला थेट चीनला गेले, त्यांच्या नावाने आम्ही छाती फुगवतो आणि इथं खेड्यातलं माणूस काउंटरला आलं की आवाज चढवतो. तुमच्या वॉर्डात कुणाचा आवाज चढलेला मी बारा दिवसांत ऐकला नाही. माणुसकी म्हणजे काय फार मोठं लागतं असं नाही हो, थोडा साबण आणि दहा मिनिटं.

नऊच्या नऊ बांगड्या आईच्या हातात आहेत. नाव लिहिलेली ती पट्टी मी टाकायला निघालो तर तिने हातातून घेऊन देव्हाऱ्यात ठेवली.

भावासोबत शेंगाचटणी आणि कडक भाकरी पाठवतोय. चटणी तिखट आहे, जपून खा.