लाड तेवढेच होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत मुलांच्या हट्टीपणावर जो लेख आलाय, तो वाचून मी लगेच लिहायला बसले होते. मुलीने 'आई, उद्या लिही' म्हणून पेन काढून घेतलं. आज सोमवार, आणि राग आहे तिथेच आहे.

लेखिकाबाई एरवी बरं लिहितात. मोबाईल, वेफर्स, आजी-आजोबांचे लाड, सगळं यथास्थित आलंय. पण मध्येच 'फिट येणाऱ्या मुलांना पालक भीतीपोटी नको इतकं जपतात आणि मग ती डोक्यावर बसतात' असं एक वाक्य टाकून त्या डब्यातल्या पौष्टिक पदार्थांकडे वळल्या. झाला निकाल!

माझा नातू तिसरीत आहे. फिट येतात म्हणून त्याला लेव्हेटिरासिटॅम सुरू केलं. फिट थांबल्या, पण महिन्याभरात पोरगं ओळखू येईना. पंखा तीनवर ठेवायचा की चारवर, एवढ्यावरून बहिणीच्या दंडाला चावला, रेग्युलेटरचं बटण उपटून खिडकीबाहेर फेकलं आणि मग पलंगाखाली जाऊन बसला, बाहेर यायला तयार नाही. शाळेच्या डायरीत लाल शाईने शेरा, 'पाल्यास घरी वळण लावावे.' पुढे मुलीला बोलावून घेतलं आणि दुसरे पालक बसलेले असताना मुख्याध्यापिका म्हणाल्या, 'आजारी आहे म्हणून तुम्ही सूट देता, निस्तरायचं आम्ही. दुसरी शाळा बघता का?' शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने आठवीपर्यंत मुलाला काढून टाकता येत नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक असणार. म्हणून तर 'काढतो' म्हणाल्या नाहीत, 'बघता का' म्हणाल्या.

चिडचिड आणि मारकेपणा हा या औषधाचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. सगळ्या मुलांना होत नाही, पण होतो. फिटवरच्याच जुन्या फेनोबार्बिटोन या औषधानेही कित्येक मुलं एका जागी बसेनाशी होतात. आम्हाला चिठ्ठी लिहून देताना यातलं अवाक्षर कोणी काढलं नाही. पुढच्या खेपेला मुलीने विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, 'हो, होतं काहींना.' होतं काहींना! मग त्यांनीच हळूहळू औषध बदललं. (कोणी मनाने गोळी बंद करू नका, एकामागून एक फिट येऊन जिवावर बेतू शकतं.) आणि काय सांगू, वळण आपोआप लागलं. घरातले लाड तेवढेच होते.

बरं, सगळा दोष गोळीचाही नसतो. मेंदूच्या ज्या भागात बिघाड असतो, त्याचाच परिणाम वागण्यावर होतो. रात्री झोपेत फिट येऊन गेली तर सकाळी मूल पेंगुळलेलं, किरकिरं. काहींना फिट येते ती हातपाय झाडल्याशिवायच, पाच-दहा सेकंद नुसती नजर लागते, दिवसातून कितीदा तरी. वर्गात त्याला 'लक्ष नाही' म्हणतात आणि बाकावर उभं करतात.

लेखिकाबाईंना एवढंच विचारायचं आहे की लाडानेच मुलं बिघडत असतील तर मधुमेहाची मुलं का नाही बिघडत? रोज सुया टोचून घेणारं लेकरू कोणती आई जपत नाही? ब्रिटनमध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत फिट येणाऱ्या शंभरातल्या ३७ मुलांना वागणुकीचा किंवा मनाचा त्रास निघाला, मधुमेहाच्या मुलांत ११ आणि बाकीच्यांत ९. अमेरिकेत तर २००१ साली घरातल्याच भावंडांशी तुलना करून पाहिली. फिट लक्षात येण्याच्या आधीच्या सहा महिन्यांतच जवळपास एक तृतीयांश मुलांच्या वागण्यात त्रास दिसत होता, भावंडांपेक्षा कितीतरी जास्त. तेव्हा आजार कोणाला माहीत होता, आणि जपत कोण होतं? घरच्या ताणाचा वाटा असतो, नाही म्हणत नाही. पण तो ताण असले लेख वाचून कमी व्हायचा नाही. माझ्या मुलीने तो वाचला आणि जेवली नाही.

आता विषय निघालाच आहे तर. लेख संपतो त्याच्या बरोब्बर खाली 'मिरगी २१ दिवसांत कायमची बंद, खात्रीशीर इलाज' अशी चौकट आहे, मोबाईल नंबरासकट. औषधे व जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींबाबतचा १९५४ चा कायदा आहे, ज्या आजारांवरच्या इलाजाची जाहिरात करायची नाही त्यांच्या यादीत अपस्माराचं, म्हणजे याच मिरगीचं, नाव त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. तुमच्या जाहिरात विभागात कोणीतरी तो वाचलेला असेलच. जागा कमी पडली तर माझं पत्र खुशाल कापा, पण हा परिच्छेद तेवढा ठेवा.

आपली,
एक जुनी वर्गणीदार, सांगली
(नाव छापू नये. नातवाला त्याच शाळेत जायचं आहे.)