सामाईक मीटरवर साचलेली जमा आणि घरटी ६०० रुपयांची वसुली : अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था, जुळे सोलापूर

दिनांक : १२ ऑगस्ट २०२४

विषय : सामाईक वीजबिलाच्या खात्यावरील जमा रक्कम वापरण्याबाबत आणि वाढीव वर्गणी थांबवण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

लिफ्टशेजारच्या फळ्यावर लागलेली सूचना वाचली. उन्हाळ्यातील वाढीव वीजखर्चापोटी प्रत्येक सदनिकेने २० तारखेपर्यंत ६०० रुपये भरावेत, असे त्यात म्हटले आहे. ४८ घरांचे मिळून हे २८,८०० रुपये होतात. पैसे भरण्याआधी मी ऑफिसातून बिलांची फाईल मागून घेतली आणि दोन्ही सामाईक मीटरची वर्षभराची बिले नीट वाचली. त्यात जे दिसले त्यावरून, ही वसुली तूर्त थांबवावी अशी माझी आपल्याला विनंती आहे. आपल्याकडे पैसे आहेत, फक्त ते चुकीच्या खात्यात पडून आहेत.

आपल्याकडे दोन सामाईक मीटर आहेत. पहिल्यावर दोन्ही लिफ्ट, जिन्यातले दिवे आणि पार्किंग चालते. दुसऱ्यावर पाण्याचे पंप आणि बोअर. पहिल्या मीटरचे जुलैचे बिल पाहावे. देय रकमेच्या रकान्यात ५३,८७० हा आकडा आहे आणि त्याच्या आधी उणे चिन्ह आहे. ते इतके बारीक छापलेले असते की घाईत नजरेतून सुटते. त्याचा अर्थ एवढाच, की इतकी रक्कम महावितरणकडे आपल्या नावावर जमा आहे. घरटी अकराशे रुपयांहून जास्त.

ही रक्कम साचली कशी, तेही बिलांवरूनच कळते. गेल्या वर्षी ऑगस्टपासून महावितरणने पाच हजारांच्या वर रोख रक्कम घेणे बंद केले. आपले लिफ्टचे बिल तेव्हा १४ हजारांच्या घरात असायचे, म्हणून कमिटीने बँकेला दर महिन्याच्या ५ तारखेला १४ हजार वळते करण्याची कायमची सूचना देऊन टाकली. त्यावेळी तो निर्णय योग्यच होता. पण त्याच सुमारास जिन्यातले आणि पार्किंगमधले सगळे जुने दिवे काढून एलईडी बसवले, लिफ्टचेही काम झाले, आणि बिल साडेनऊ हजारांवर आले. कमिटीने खर्च करून जी बचत घडवली, ती अशी महिन्याला साडेचार हजारांच्या हिशोबाने त्या खात्यात जाऊन बसली. बँकेची सूचना मात्र आजही १४ हजारांचीच आहे.

आता दुसरा मीटर. तिथली परिस्थिती नेमकी उलटी आहे. यंदाचा उन्हाळा आपण सगळ्यांनी भोगला. जूनमध्ये सोलापूरला पाणी देणारे उजनी धरण उणे ६० टक्क्यांच्या जवळ, म्हणजे उपयुक्त साठ्याच्याही खूप खाली, गेले होते. नळाला पाणी किती दिवसांच्या अंतराने येत होते आणि आले तरी किती दाबाने, हे मी सांगायला नको. जमिनीखालची टाकी (संप) भरेना, म्हणून बोअर तासन् तास चालवावा लागला, आणि बोअरची पातळी खाली गेली की त्याच टाकीसाठी मोटर दुप्पट वेळ फिरते. एरवी अकरा हजारांच्या आसपास असणारे पंपाचे बिल एप्रिल ते जुलै या चार महिन्यांत मिळून सुमारे २७ हजारांनी वाढले. म्हणजे कमिटीने सूचनेत दिलेला आकडा फुगवलेला नाही, हे मी इथे स्वच्छ सांगतो. तूट खरी आहे. पण तिच्या जवळजवळ दुप्पट रक्कम शेजारच्याच मीटरवर आहे.

मे महिन्यात काय घडले ते मला फार लागले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ५ तारखेला बँकेने लिफ्टच्या मीटरचे १४ हजार नेहमीप्रमाणे वळते केले. त्या मीटरवर तेव्हा चाळीस हजार जमा होते, त्या महिन्यात एक रुपयाही भरण्याची गरज नव्हती. दोन-तीन दिवसांत पंपाच्या बिलाचा चेक वटायला गेला, खात्यात पैसे कमी पडले आणि चेक परत आला. चेक न वटल्याबद्दल ७५० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असे ८८५ रुपये पुढच्या बिलात लागले. वर उशिराचा सव्वा टक्का आकार, बँकेचा दंड वेगळा. रक्कम तशी मोठी नाही. पण ज्या संस्थेचे चाळीस हजार महावितरणकडे आगाऊ जमा आहेत, तिच्याच चेकवर दंड बसावा, हे कुणालाही रुचणारे नाही.

इथे एक गोष्ट समितीतील सर्वांनी लक्षात घ्यावी. दोन्ही मीटर संस्थेच्याच नावावर असले, तरी प्रत्येकाचा बारा अंकी ग्राहक क्रमांक वेगळा आहे, आणि महावितरणच्या दृष्टीने ती दोन वेगळी खाती आहेत. एकावरची जमा दुसऱ्याच्या थकबाकीत आपोआप वळती होत नाही. ती त्याच क्रमांकाच्या पुढच्या बिलांतून कापली जाते. त्यामुळे "पैसे कुठे जातात, आहेत ना तिथेच" असे म्हणून भागत नाही. पंपाचे कनेक्शन थकले तर लिफ्टच्या खात्यातली जमा ते वाचवायला धावून येणार नाही. कायद्याप्रमाणे वीज तोडण्याआधी पंधरा दिवसांची नोटीस येते हे खरे, पण ऐन उन्हाळ्यात पंपावर नोटीस येण्यापर्यंत गोष्ट जाऊच नये.

यावर उपाय साधा आहे. बँकेला दिलेली १४ हजारांची सूचना या आठवड्यातच रद्द करावी. लिफ्टच्या मीटरचे महिन्याचे बिल साडेनऊ हजार धरले, तर आहे त्या जमेत पुढची साडेपाच महिन्यांची बिले निघतात. म्हणजे जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत त्या मीटरला हात लावायची गरज नाही. दर महिन्याचे ते १४ हजार पंपाच्या मीटरकडे वळवावेत. दोन महिन्यांत तूट भरून निघते आणि कुणाच्याही घरून ६०० रुपये मागावे लागत नाहीत. ज्यांनी सूचना वाचून आधीच भरले आहेत, त्यांचे पैसे पुढच्या मेंटेनन्समध्ये वळते करावेत आणि तसे पावतीवर लिहून द्यावे.

जमा अगदी शून्यावर आणा, असे माझे म्हणणे नाही. खजिनदार गावाला गेले, सलग सुट्ट्या आल्या, तर एखाद्या महिन्याच्या बिलाइतकी शिल्लक दोन्ही मीटरवर असलेली बरी. पंपाच्या मीटरवर मार्चमध्ये त्याहून थोडी जास्त ठेवली तरी हरकत नाही. फक्त ती किती असावी हे समितीच्या सभेत ठरावे, इतिवृत्तात यावे, आणि बिल आले की त्याकडे पाहून पैसे भरले जावेत. बिल निघाल्यापासून सात दिवसांत भरले तर कर वगळून उरणाऱ्या रकमेवर एक टक्का सूट मिळते, ऑनलाइन भरले तर आणखी पाव टक्का. चेक दिला तर तो वटायला दिवस जातात आणि ही सूट हातची जाते. पंपाच्या बिलाला आपण वर्षभर चेकच देत आलो आहोत.

मी आयुष्यभर पतसंस्थेत खतावण्या लिहिल्या, त्यामुळे पुढचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपल्या हिशोबात दर महिन्याचे १४ हजार सरळ वीजखर्चात धरले गेले आहेत. खर्च साडेनऊचाच होता. उरलेले साडेचार हजार हा आगाऊ भरणा आहे आणि तो ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला दिसायला हवा. ३१ मार्चपर्यंतचे आठ महिने धरले तर ही रक्कम सुमारे ३६ हजार होते. आज ताळेबंद वाचणाऱ्या सभासदाला वाटेल, की एलईडी बसवूनही विजेचा खर्च कमी झाला नाही, कमिटीने उगाच पैसे घातले. खरे तर बचत झाली आहे आणि तिचे श्रेय कमिटीला मिळायला हवे, पण तीच कागदावर कुठे दिसत नाही. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्याआधी लेखापरीक्षकांना ही बिले दाखवून दुरुस्ती करून घ्यावी.

जमा विसरली जाण्याचा हा प्रकार सभासदांच्या खात्यांतही होतो आहे. ए विंगच्या तळमजल्यावरच्या आजी गेल्या आठवड्यात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेल्या पावत्या घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. मेंटेनन्स १,८५० रुपये. त्या दर महिन्याला सुट्ट्याची कटकट नको म्हणून २,००० देतात. नऊ महिन्यांचे दीडशे-दीडशे करत १,३५० रुपये त्यांचे संस्थेकडे जमा झाले. मधला एक महिना त्या हैदराबादला मुलाकडे होत्या, तेवढा हप्ता चुकला. हिशोबाने त्यांच्याकडे ५०० रुपये निघायला हवे होते. आपल्या यादीत मात्र पूर्ण १,८५० थकबाकी लागली, त्यावर २१ टक्के दराने ३२ रुपये व्याज लागले, आणि त्यांचे नाव थकबाकीदारांच्या यादीत फळ्यावर आले. उपविधींप्रमाणे थकबाकीवर २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लावता येते, त्याबद्दल तक्रार नाही. पण व्याज लावण्याआधी त्या सभासदाची जमा वजा व्हायला हवी. त्या बाईंनी उभ्या आयुष्यात कुणाचे पाच पैसे ठेवलेले नाहीत. ते नाव फळ्यावरून आजच काढावे आणि त्यांच्या घरी जाऊन आपण स्वतः दोन शब्द बोलावेत, ही माझी मनापासूनची विनंती आहे. पुण्या-हैदराबादला राहणारी आपल्या कित्येकांची मुले सहा-सहा महिन्यांचे पैसे एकदम पाठवतात. प्रत्येक पावतीवर "आजअखेर जमा" किंवा "आजअखेर बाकी" अशी एक ओळ छापली, तर असे पुन्हा होणार नाही.

सुरक्षा ठेवीची गल्लत या सगळ्यात करू नये. ती आगाऊ भरण्याहून वेगळी आहे. साधारण दोन महिन्यांच्या सरासरी बिलाइतकी ठेव महावितरणकडे असते, वीज कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे तिच्यावर व्याज मिळते आणि ते बिलातून वळते होते. यंदाचे व्याज दोन्ही मीटरना मिळाले का, ते खजिनदारांनी पाहावे. लिफ्टचे बिल उतरल्यामुळे त्या मीटरवर ठेव गरजेपेक्षा जास्त आहे का, हेही एकदा उपविभागीय कार्यालयात विचारून घ्यावे.

गच्चीवरच्या सोलरचा विषय पुढच्या सभेत आहे, म्हणून त्याबद्दलही लिहितो. या फेब्रुवारीत सुरू झालेल्या केंद्राच्या छतावरील सोलरसाठीच्या सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार रुपये अनुदान आहे, आणि सोलापूरच्या उन्हाबद्दल शंका घ्यायचे कारण नाही. मी या कामाच्या बाजूने आहे. पण ज्यांनी आपल्याला कोटेशन दिले, त्यांनी आकारमान जुन्या, १४ हजारांच्या बिलावरून काढले आहे. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे आपण बनवलेली वीज आपल्या वापरातून वजा होण्याच्या पद्धतीत, जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात खरे, पण ३१ मार्चला त्यांचा हिशोब मिटतो, आणि उरलेल्या युनिटना आपण वीज घेतो त्याहून कमी दर मिळतो. गरजेपेक्षा मोठे सोलर बसवले, तर आज रुपये साचतात तसे उद्या युनिट साचतील, तेही कमी भावाने विकण्यासाठी. दिवसा चालणारा पंप हाच आपला मोठा भार आहे. तेव्हा आधी पंपाच्या मीटरचा विचार करावा आणि कोटेशन नव्या वापरावरून पुन्हा मागवावे.

एक बारीक गोष्ट राहिली. दोन्ही मीटरवर नोंदवलेला मोबाईल नंबर अजूनही आधीच्या खजिनदारांचा आहे. बिलाचे, भरण्याचे सगळे मेसेज त्यांना जातात, आणि ते आता सोलापुरात राहत नाहीत. महावितरणच्या ॲपवर दोन्ही ग्राहक क्रमांक टाकून सध्याच्या खजिनदारांचा आणि सचिवांचा नंबर जोडावा. सभासदांसाठीही फळ्यावर दोन ओळी लिहाव्यात : पैसे भरण्याआधी बारा अंकी क्रमांक आणि नाव ताडून पाहा, आणि "आज रात्री वीज तोडणार" असा अनोळखी नंबरवरून मेसेज आला तर त्यावर फोन करू नका.

वर्षभराच्या बिलांचा महिनावार तक्ता करून सोबत जोडला आहे. येत्या रविवारी सकाळी खजिनदार मोकळे असतील, तर ऑफिसात बसून दोन्ही मीटरचा आणि सभासदांच्या जमेचा ताळा मी त्यांच्यासोबत लावून देईन. ६०० रुपयांच्या वसुलीचा निर्णय त्यानंतर घ्यावा आणि तोपर्यंत फळ्यावरची २० तारखेची मुदत स्थगित केल्याची सूचना लावावी, ही विनंती.

आपला,
एक सभासद, बी विंग

सोबत : १) दोन्ही सामाईक मीटरची ऑगस्ट २०२३ ते जुलै २०२४ ची बिले, झेरॉक्स प्रती
२) भरणा आणि प्रत्यक्ष बिल यांचा महिनावार तक्ता
३) ए विंगमधील सभासदांच्या पावत्यांच्या प्रती, त्यांच्या संमतीने

प्रत माहितीसाठी : मा. सचिव, मा. खजिनदार