१४ इंची चाकात ६५ ची हवा

फीनिक्स, ॲरिझोना
१४ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप अण्णांना,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

काल फोनवर तुम्ही विचारलंत, "ट्रेलरच्या चाकात हवा किती ठेवतेस?" मी म्हटलं, पासष्ट. तुम्ही जरा वेळ गप्प राहिलात, मग म्हणालात, "एवढ्याशा चाकात पासष्ट? फुटेल की गं पोरी." पुढचं बोलणं तुटलं ते तुटलंच. रात्रभर तेच डोक्यात होतं. कराड डेपोत इतकी वर्षं स्टेअरिंगवर बसलेल्या माणसाला नुसता आकडा सांगून भागत नाही. तो आकडा कुठून आला हे सांगायला हवं, म्हणून सकाळीच लिहायला बसले. पौंड लिहीन ते हवेच्या दाबाचे, दर चौरस इंचाला. वजन सगळं किलोत लिहिते.

ट्रेलर तुम्ही फोटोत पाहिलाच आहे. २४ फुटी, आत झोपायची जागा, ओटा, फ्रीज, न्हाणी. इंजिन नाही, स्टेअरिंग नाही, चालताना आत कुणी बसत नाही. आम्ही सगळे पुढच्या पिकअपमध्ये. पोटाखाली दोन एक्सल अगदी जवळजवळ, मिळून चार चाकं. टायरवर मापाच्या आधी एसटी अशी दोन अक्षरं आहेत. ही आपली एसटी नाही, स्पेशल ट्रेलर. २०५/७५, १४ इंची. दिसायला लहान कारचंच चाक, म्हणून तुम्हाला ३०-३२ डोळ्यासमोर आलं असणार. पण कारच्या एका चाकावर तीन-साडेतीनशे किलो येतात, इथे त्याच्या दुपटीहून जास्त येतात.

जूनमध्ये काय झालं ते तुम्हाला आजवर सांगितलं नव्हतं. आई घाबरेल म्हणून जावईच नको म्हणाले. आता सांगते, सगळे सुखरूप आहोत.

ट्रेलर आम्ही जुना घेतला. त्याच्या डाव्या अंगाला पुढच्या बाजूला कंपनीचं लेबल आहे, त्यावर टायरचं माप, हवा आणि एक्सलला झेपणारं वजन छापलेलं असतं. आमच्यावर होतं ५० पौंड. आधीच्या मालकाने मात्र त्याच मापाचे, पण जास्त दणकट टायर बसवले होते. लेबलवरचे सी दर्जाचे, हे डी दर्जाचे, आणि त्यांच्या बाजूवर ६५ छापलेलं. मी म्हटलं, कंपनी ५० सांगते तर ५०. शिवाय टायर आणखी मजबूत आहेत, म्हणजे चांगलंच.

फीनिक्सहून फ्लॅगस्टाफकडे आंतरराज्य १७ हा रस्ता जातो. फीनिक्स समुद्रसपाटीपासून साधारण ३३० मीटरवर, फ्लॅगस्टाफ २,१०० वर. ब्लॅक कॅनियन सिटी सोडलं की खडी चढण लागते, कुंभार्लीसारखी नागमोडी नाही, पण लांबलचक. उन्हाळ्यात तिथे इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करा असे फलक आहेत. आम्ही दुपारी एकला ब्लॅक कॅनियन सिटीच्या पंपावर थांबलो. बाहेर ४३ अंश. मी गेज लावून पाहिलं तर ५७! मला वाटलं हवा जास्त झाली, आणि चारही चाकांतून सोडून परत ५० करून ठेवली.

अण्णा, हीच चूक. सकाळी ५० भरलेलं टायर तापल्यावर ५७ दाखवणारच, ते ठरलेलंच असतं. लेबलवरचा आकडा गार टायरचा, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असतानाचा. तापलेल्या टायरातून मी ५० पर्यंत हवा काढली म्हणजे गार हिशेबाने ते ४३-४४ वर आणून ठेवलं. पुढे चढण, ऊन आणि भरलेला ट्रेलर. सनसेट पॉइंटच्या अलीकडे डावं मागचं चाक गेलं. आवाज आधी आला नाही, आरशात काळे पट्टे उडताना दिसले. टायरचा वरचा पट्टा सुटून मडगार्ड फाडून गेला आणि खालून जाणारा पाण्याचा पाइपही तोडला. बाजूला घेऊन स्टेपनी चढवायला दीड तास लागला. ट्रक वेगाने जवळून जायचे तसा ट्रेलर हलायचा. मुलाला मी कठड्यापलीकडे खडकाच्या सावलीत बसवलं होतं.

तिथे उभी असताना तुमची पहाटेची चिपळूण गाडी आठवली. निघायच्या आधी लोखंडी टॉमी घेऊन एकेक चाक ठोकत, आवाज ऐकत तुम्ही फिरायचात. मला सुट्टीत बरोबर न्यायचात तेव्हा मी विचारायचे, काल तर ठोकलं होतं, आज परत का? तुम्ही म्हणायचात, "काल कालचं." आणि दुपारी चिपळूणला पोचल्यावर कधी हवा काढताना मी तुम्हाला पाहिलं नाही. हे मला चाळिशीत परत शिकावं लागलं.

घरी आल्यावर ठरवलं की आता अंदाजाने काही करायचं नाही. इथे हमरस्त्यांवरच्या ट्रकतळांवर काटे असतात, आपल्या कारखान्यावर उसाला असतो तसे. पिकअप एका फळीवर आणि ट्रेलरची चाकं दुसऱ्यावर घेऊन वजन केलं, प्रवासाला भरतो तसं सगळं भरून. ट्रेलरच्या चार चाकांवर मिळून २,९५० किलो. चारांनी भागलं तर एका चाकावर ७३७. आमच्या मापाचा टायर ५० पौंडांवर ८०० किलो उचलतो. मला वाटलं, म्हणजे ५० पुरत होतं, मग फुटलं का?

त्याचं उत्तर पुढच्या महिन्यात मिळालं. एका तळावर चाकागणिक वजन करून देणारा माणूस आला होता, चाकाखाली ठेवायचे छोटे काटे घेऊन. उजवी दोन चाकं ६८५ आणि ६९५. डावं पुढचं ७५५. आणि डावं मागचं, जे गेलं तेच, ८१५. ओटा, फ्रीज, मुक्कामी बाहेर सरकवायची खोली सगळं डाव्या बाजूला, आणि माझी बिडाची तवा-कढई, डाळी-तांदळाचे डबे, जावयांची हत्यारं, तीही डावीकडेच. सरासरी ७३७ हे खरं होतं, पण ते सरासरी वजन एकाही चाकावर नव्हतं. डावं मागचं ५० पौंडांवर पहिल्या दिवसापासून जास्त ओझं ओढत होतं, आणि वर मी त्यातली हवा काढली.

आणि त्या दणकट डी टायरांचं म्हणाल, तर त्यांच्या दणकटपणाचा ५० वर काडीचा उपयोग नव्हता. ओझं टायर उचलत नाही, आतली हवा उचलते. सी असो की डी, माप तेच आणि हवा ५० तर वजनही तेच ८०० किलो. डीचं रबर आणि तारा एवढंच करतात की तुम्हाला ६५ पर्यंत जाऊ देतात. ६५ भरली की तोच टायर ९२५ किलो पेलतो. माझ्या सगळ्यात जड चाकाला ८१५ लागतात, म्हणजे शेकडा बारा वर शिल्लक. चारही चाकांत मी त्याच जड चाकाच्या हिशेबाने ६५ ठेवते. हलक्या चाकात कमी ठेवून भागलं असतं, पण एका एक्सलच्या दोन चाकांत वेगळी हवा नको.

तुम्ही म्हणाल, थोडी कमी ठेवली तर हादरे कमी. पण आत माणूस नसतो. आणि दोन एक्सल जवळ असले की वळणावर चाकं वळत नाहीत, आडवी फरपटतात. पंपावर जागेवर वळवताना खाली उभं राहून पाहिलं तर टायर त्याच्या लोखंडी डिस्कखाली पार तिरका झालेला दिसतो. हवा कमी असेल तर हे मुरडणं वाढतं, आतले थर एकमेकांपासून सुटायला लागतात आणि बाजू दर फेऱ्याला जास्त वाकून तापते. बाहेरून काहीच दिसत नाही.

म्हणून फुटेल याची मला भीती वाटत नाही, पण ६५ करायच्या आधी दोन गोष्टी पाहिल्या. डिस्क काढून तिच्या मागचा छाप वाचला, तिला ही हवा आणि वजन झेपतं. आणि जुने रबरी व्हॉल्व्ह होते ते जेमतेम ६५ पर्यंतचेच असतात, म्हणून चारही धातूचे बसवून घेतले. टायरही चारही नवे घेतले. जुन्यांच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे २२१८ होते, म्हणजे २०१८ सालचा २२ वा आठवडा. नक्षी नव्यासारखी होती, मी तिच्यावर भुलले होते. ट्रेलरचा टायर उभा राहून राहून उन्हातच म्हातारा होतो, घासून नव्हे.

सामानही हलवलं. बिडाची भांडी आणि हत्यारं उजवीकडे गेली. पाण्याची टाकी दीडशे लिटरची आहे, ती आता पाव भरूनच निघतो आणि मुक्कामी पोचल्यावर भरतो. गाडी ताशी ९५ च्या वर नेत नाही, पाटी १२० ची असली तरी.

ऑगस्टमध्ये परत निघालो, ग्रँड कॅनियनच्या प्रचंड दरीच्या दक्षिण काठावर. निघताना फीनिक्समध्ये पहाटे ३० अंश होतं, मी ६५ भरले. दुसऱ्या सकाळी काठावर ११ अंश, आणि गेज ६३ दाखवत होतं. मला वाटलं गळती आहे. साबणाचं पाणी लावून पाहिलं, एक बुडबुडा नाही. मग हिशेब केला. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की एवढ्या हवेत दीडेक पौंड कमी दिसतात, म्हणजे थंडीने पाच गेले. पण तिथे २,१०० मीटर उंचीवर बाहेरची हवा विरळ, त्यामुळे गेज तीनेक पौंड वाढवून दाखवतं. पाच गेले, तीन आले. खरंच जमला हिशेब! त्या सकाळी मला इतका आनंद झाला की जावयांना उठवून सांगितलं.

आता पिकअपमध्ये एक छोटा पडदा आहे, प्रत्येक व्हॉल्व्हवर सेन्सर बसवलाय. हवा ५७ च्या खाली किंवा टायर ७० अंशांच्या वर गेला की ओरडतो. चालताना ७३-७४ दिसतात, उन्हाकडची बाजू दोन-तीन जास्त. मी हात लावत नाही. पण पडद्यावर भरवसा ठेवून सकाळचं गेज सोडलेलं नाही. ऊन चाकावर यायच्या आत, तेच एक गेज घेऊन चारही चाकं आणि स्टेपनी पाहते.

दादाला विचारा, उसाच्या ट्रॉलीची चाकं त्याने कधी एकेक करून काट्यावर घेतलीत का. कारखान्याचा काटा सगळ्या ट्रॉलीचं वजन सांगतो, कुठल्या चाकावर किती ते सांगत नाही. मोळ्या एका अंगाला जास्त रचल्या जातात हे तुम्ही नेहमी म्हणता.

तुमची तिकिटं ९ ऑक्टोबरची पक्की झाली आहेत. दसऱ्यानंतर निघताय ते बरं. आईला सांगा, जाड स्वेटर आणि कानटोपी बाहेरच्या बॅगेत ठेव. काठावर ऑक्टोबरात पहाटे दोन-तीन अंशांवर येतं. तिच्या गुडघ्यासाठी ट्रेलरच्या पायरीला आणखी एक पायरी लावून घेतली आहे. तुमच्यासाठी टॉमी इथे मिळाली नाही, तुमची जुनी सामानाच्या बॅगेत टाकून आणता आली तर आणा. हातातल्या बॅगेत नको.

दादा-वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
लेक