अण्णांच्या मागे राहिलेल्या चार कागदांबद्दल

ताई,

सप्रेम नमस्कार. 'माझं नाव लिहायचं नाही आणि संस्थेचंही नाही,' असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतंच ताई.

अण्णांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, शेवटच्या आजारात तुमच्या संस्थेच्या डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी जे केलं त्याचे आभार आम्ही तेव्हाच मानले. ते सगळेच मानतात. पण माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांना शोकात हात देण्याचं तुमचं जे काम सुरू होतं ते कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे. आमच्या निम्म्या नातेवाइकांना अजून वाटतं, तुम्ही पेन्शनच्या कामाला येणाऱ्या बाई आहात. (त्यांचा तरी काय दोष? तुम्ही आलात की आई पेन्शनचंच बोलत बसायच्या.)

तेराव्यापर्यंत घरात माणसं मावत नव्हती. 'सुटले बिचारे', 'मन घट्ट करा', 'नातवाकडे बघून दिवस काढा' हे सगळं झालं. तुम्ही त्यानंतर आलात. गर्दीत माझं काय काम, म्हणालात. पण तुमचं काम आधीच सुरू झालं होतं, हे मला उशिरा कळलं. अण्णा असतानाच तुम्ही मला गॅलरीत नेऊन विचारलं होतं, 'हे नसले तर या घरातलं कुणाचं काय अडेल?' मला तो प्रश्न तेव्हा जरा कोरडाच वाटला होता.

आम्हा चौघांचे तुम्ही चार वेगळे कागद केलेत. प्रत्येकावर तेच रकाने: सगळ्यात जड काय जातंय, काय जमायला हवंय, मदतीला कोण, पुन्हा कधी बघायचं. दुसरा रकाना ज्याचा त्याने स्वतःच्या शब्दांत सांगायचा. 'दुःखातून बाहेर येणे' असलं काही तुम्ही लिहूच दिलं नाहीत. त्यावर तुमचा एकच प्रश्न असायचा, 'ते झालं हे आपल्याला कळणार कसं?'

आईंनी आधी सरळ सांगितलं, 'मला काही नको. मला त्यांच्याकडे न्या.' आम्ही सगळे चपापलो. तुम्ही मात्र शांतपणे विचारलंत, 'म्हणजे स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का?' आईंनी मान हलवली. 'नाही गं. रात्र जात नाही, एवढंच.' आणि मग रात्रीबद्दल बोलणं निघालं. अण्णांना शय्याव्रण (पडून पडून होणाऱ्या जखमा) होऊ नयेत म्हणून त्या दोन-दोन तासांनी उठून त्यांची कूस बदलत असत. अण्णा गेले तरी त्या त्याच वेळांना उठत होत्या. वर एअर मॅट्रेसच्या पंपाची घरघर बंद पडलेली, ती शांतता त्यांना सहन होईना. आम्हाला हे कुणालाच माहीत नव्हतं. त्यांच्या कागदावर पहिलं उद्दिष्ट आलं: 'रात्री एकदाच उठायचं.' मदतीला नातू, त्याची गादी आजीच्या खोलीत. दोन महिन्यांनी बघायचं.

दुसरं उद्दिष्ट त्यांनी स्वतःहून सांगितलं. कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं की दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. 'तो द्यायला मी जाणार. माझ्या वतीने कुणी जायचं नाही.' आई कधी एकट्या बँकेत गेलेल्या नव्हत्या. हे लगेच म्हणाले, 'अगं आई, आता मोबाइलवर चेहरा दाखवला की होतं.' तुम्ही ह्यांच्याकडे वळून विचारलंत, 'हा कागद कुणाचा आहे?' विषय तिथेच संपला. मग पायऱ्या पाडल्यात: आधी नातवाबरोबर नुसतं बँकेपर्यंत जाऊन यायचं, मग पासबुक भरून आणायचं, मग दाखला. नोव्हेंबरात आई गेल्या, आणि घरी येऊन रांगेबद्दल, खुर्च्यांबद्दल आणि काउंटरवरच्या मुलाबद्दल अर्धा तास तक्रार केली. इतक्या जोरात बोलताना त्यांना किती तरी दिवसांत ऐकलं नव्हतं.

ह्यांच्या कागदावर तुम्ही नेमकं उलट केलंत. हे दिवसभर धावपळीत: वारसनोंद, लॉकर, वीजबिलावरचं नाव, गॅसचं कनेक्शन. सगळे म्हणत, 'बघा कसा सावरलाय!' तुम्ही त्यांना आणखी एकही काम दिलं नाहीत. रविवारी एक तास अण्णांच्या खोलीत बसायचं, कपाट आवरायचं नाही, फोन बाहेर ठेवायचा, इतकंच. हे चिडले. दोन रविवार बसलेच नाहीत. तिसऱ्या रविवारी दार लावून घेतलं आणि बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. यावर आमच्यात अजून बोलणं झालेलं नाही, आणि ते झालंच पाहिजे असा तुमचाही हट्ट नव्हता.

एकाच घरात एकाला बाहेर काढायचं आणि दुसऱ्याला आत बसवायचं, हे काय आहे ते मी नंतर तुम्हाला विचारलं. तेव्हा तुम्ही स्ट्रोब आणि शुट या नेदरलँड्समधल्या संशोधकांचं नाव सांगितलंत. 1999 साली त्यांनी मांडलं की शोकात माणूस कधी गेलेल्याकडे तोंड करून असतो, कधी रोजच्या जगण्याकडे, आणि या दोन्हींत येरझारा घालत राहणं हेच निरोगी. आई एका टोकाला अडकल्या होत्या, हे दुसऱ्या. मग दोघांना एकच सल्ला देऊन कसं भागेल? ह्यांना 'सावरला' म्हणणाऱ्या मंडळींना हे कुणीतरी सांगायला हवं.

आमच्या चिरंजीवांचं उद्दिष्ट तर आम्हालाच धडा होता. आठवीतल्या मुलाने लिहिलं: 'मी आजोबांचं काही बोललो की मोठ्यांनी विषय बदलायचा नाही.' मदतीला कोण, या रकान्यात: 'सगळे.' पहिले काही आठवडे तो आम्हाला पकडून देत असे. आता जेवताना अण्णांचं नाव निघतं, त्यांच्या घोरण्याचीसुद्धा नक्कल होते, आणि आई हसतात.

माझ्या कागदाबद्दल थोडंच लिहिते. सून म्हटलं की तिचं सांत्वन करायला कुणी येत नाही, तिने आलेल्यांना चहा द्यायचा असतो. ड्रेसिंग मी करत होते, मॉर्फिनच्या वेळा मी सांभाळत होते, आणि अण्णा गेले तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं. हे मी तुमच्याखेरीज कुणाला बोलले नव्हते. तुम्ही म्हणालात, असं वाटतंच, पुष्कळांना वाटतं, आणि पेन पुढे केलंत. मी 'पाठ डॉक्टरांना दाखवणे' लिहिलं. तेही उद्दिष्ट म्हणून चाललं.

कागद बदलतही गेले. वन्संनी आईंच्या कागदावर 'भजनी मंडळ' घालायला लावलं होतं. पुढच्या भेटीत तुम्ही विचारलंत, आईंनी नाक मुरडलं, आणि तुम्ही त्यावर रेघ मारलीत. हेही स्पष्ट सांगितलंत की महिने लोटले तरी दिवस पुढे सरकतच नसेल, जेवणखाण सुटत असेल, तर तो कागदाचा विषय राहत नाही, मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत अशा लांबलेल्या शोकाचं निदान आहे आणि त्यासाठी किमान सहा महिने बघतात, ही माहितीही तुमचीच. आईंवर ती वेळ आली नाही.

हे सगळं जाहीर लिहायचं ते एका रागापोटीही. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याखाली चालणाऱ्या हॉस्पिसला, म्हणजे शेवटच्या आजारातल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या संस्थेला, रुग्ण गेल्यावर वर्षभरापर्यंत कुटुंबाला शोकातली मदत देऊ करावीच लागते, तसा नियम आहे. आपल्याकडे 1986 साली वांद्र्यात शांती आवेदना सदन हे हॉस्पिस सुरू झालं, त्यालाही आता कित्येक वर्षं झाली. तरी बहुतेक ठिकाणी मृत्यूचा दाखला हातात ठेवला की फाइल बंद. तुमच्यासारखी माणसं हे करतात ती स्वतःच्या हिकमतीवर, एका स्कूटरवर, आणि वर देणगीदारांना 'याचा उपयोग काय' हे समजावत बसतात. उपयोग काय, ते वर लिहिलं आहे. कुणाला दाखवायचं असेल तर खुशाल दाखवा.

आता एक परवानगी हवी आहे. आमच्याच सोसायटीत गेल्या महिन्यात एकांचे यजमान गेले. त्यांच्याकडे कुठल्याही संस्थेचं कुणी येत नाही. तुमचा कोरा कागद त्यांना दिला तर चालेल का? की त्यासाठी आधी तुमच्यासारखं कुणीतरी शेजारी बसायला हवं? तसं असेल तर निःसंकोच सांगा, मी तुमचा नंबर देईन, आणि तुम्हाला यायला जमेपर्यंत नुसती जाऊन बसेन.

तुमची,
अण्णांची सून