आईची दाढ वाचवणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

आईची वरची दाढ काढायची, हे घरात जवळपास ठरलंच होतं. दुसऱ्या दवाखान्यात तिचं रूट कॅनाल झालं होतं, वर कॅपही बसवली होती, तरी ठणका जात नव्हता. नौपाड्यात तुमच्याकडे आलो ते काढण्याआधी एकदा विचारून घ्यावं म्हणून.

वरच्या पहिल्या दाढेला मुळं तीन, पण निम्म्याहून अधिक लोकांत गालाकडच्या पुढच्या मुळात आणखी एक बारीक कॅनाल, म्हणजे मुळातली नळी, दडलेला असतो, हे तुम्ही कागदावर चित्र काढून दाखवलंत. तो राहून गेला की आतले जंतू मुळाच्या टोकाशी हाड पोखरत राहतात. आईचं तेच झालं होतं. मायक्रोस्कोपखाली तुम्ही तो शोधून काढलात.

पण त्याहीआधी तुम्ही जे बोललात, त्याचे आभार मोठे आहेत. हमखास बरं होईल असं म्हणाला नाहीत. मुळाशी आधीच संसर्ग असला आणि उपचार दुसऱ्यांदा करायचा असला की यशाची शक्यता घटते, त्यात आईला मधुमेह, म्हणजे हाड भरून यायला वेळ लागणार, हे सगळं तिच्यासमोर, तिला समजेल असं सांगितलंत. "शुगर तुम्ही सांभाळा आजी, दाढ मी बघते." आमचं न ऐकणाऱ्या आईने त्या दिवसापासून पथ्य पाळलं.

रबर डॅमने, म्हणजे दाढेभोवती ताणून बसवायच्या रबरी पडद्याने, ती घाबरली, तर तुम्ही काम थांबवलंत. लाळेतले जंतू आत जाऊ नयेत आणि कॅनाल धुण्याचं हायपोक्लोराइट घशात उतरू नये, म्हणून १८६४ पासून दंतवैद्य हा पडदा वापरतात, हे ऐकून तिला धीर आला. (आधीच्या वेळी तो लावलाच नव्हता, असं ती म्हणते.) भरण मुळाच्या टोकाबाहेर जायला नको आणि फार आखूडही राहायला नको, म्हणून लांबी पुन्हा पुन्हा मोजताना मी तुम्हाला पाहिलंय.

दुखणं थांबल्यावर नवी कॅप दिवाळीनंतर बघू, असं आई म्हणत होती. तुम्ही स्वतः फोन केलात. वरून लाळ आत झिरपली तर आतलं चांगलं कामही फुकट जातं आणि कॅपशिवाय अशी दाढ तडकू शकते, हे तुम्ही सांगितल्यावर ती लगेच आली.

वर्षानंतरच्या एक्स-रेत मुळाजवळचा, पोखरलेल्या हाडाचा काळा डाग बराच लहान झालेला दिसला. पुढच्या तपासणीलाही तिला घेऊन येतो. मावशीलाही रूट कॅनाल सांगितलंय. तिला तुमच्याकडेच पाठवतोय.

आपला कृतज्ञ,
एका पेशंटचा मुलगा, ठाणे