बालगृहातून बाहेर पडलेली मुलं कुठे आहेत, हे पण मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बालदिनाला तुमच्या पेपरात आपल्या भागातल्या बालगृहांवर अर्धं पान आलं होतं, मी ते दोनदा वाचलं. किती मुलं, किती बेड, नवीन आरओ बसवला, कॉम्प्युटर आले, मुलांना ट्रॅकसूट वाटले, फोटो पण छान होते. ट्रॅकसूट हवेतच, आमच्या वेळी देणगीतल्या जुन्या कपड्यांची गाठोडी यायची आणि त्यातून मापाचं शोधण्यात अख्खा रविवार जायचा. पण त्या अर्ध्या पानात एक गोष्ट कुठेच नव्हती, आणि यात तुमच्या बातमीदाराची चूक नाही, त्याने विचारलं असतं तरी कुणाला उत्तर देता आलं नसतं. इथून बाहेर पडलेली मुलं आज कुठे आहेत आणि कशी आहेत?

मी २६ वर्षं एका बालगृहात नोकरी केली, आधी काळजीवाहक म्हणून आणि नंतर अधीक्षिका म्हणून. आमच्याकडे रजिस्टरांची कमी कधीच नव्हती. हजेरीपट, प्रवेश रजिस्टर, आहार रजिस्टर, साठा रजिस्टर, भेट रजिस्टर. तपासणी लागली की आदल्या रात्री आम्ही तूरडाळ किलोत जुळवत बसायचो, कारण डाळीचा हिशोब चुकला तर शेरा बसतो. मूल बाहेर गेलं की प्रवेश रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात एक ओळ, 'पालकांच्या ताब्यात दिले' नाहीतर '१८ वर्षे पूर्ण झाल्याने मुक्त'. झालं. त्या ओळीनंतर ते मूल कागदावरून गेलं, आणि त्याचं पुढे काय झालं म्हणून आम्हाला कधीच कुणी शेरा मारला नाही.

एक मुलगी होती, ऊसतोड मजुरांची. आई वारलेली, वडील दारूत, लहानपणापासून आमच्याकडे. चुलत्यांनी अर्ज केला, गृहचौकशी अहवाल चांगला आला, बालकल्याण समितीने (मुलाला कुठे ठेवायचं हे ठरवणारी जिल्ह्याची समिती) आदेश दिला आणि दसऱ्याच्या सुमारास ती घरी गेली. आम्हाला सगळ्यांना आनंद झाला होता, मी स्वतः तिला नवा ड्रेस घेऊन दिला. त्या महिन्याच्या अहवालात 'कुटुंबात पुनर्स्थापित बालके' या रकान्यात एकाची भर पडली. पुढच्या वर्षी पावसाळ्यात तिची एक मैत्रीण भेटायला आली तेव्हा कळलं की आमच्याकडून गेल्यावर महिन्याभरातच, टोळी कारखान्यावर जायच्या आत, तिचं लग्न लावून दिलं होतं, कारण एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी आणि मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते. सोळा वर्षांची पोर. आणि आमच्या अहवालात तिची नोंद अजून यशस्वी पुनर्वसन अशीच आहे, आज कुणी काढून बघितलं तरी तेच दिसेल.

त्या दिवशी मी बाजारातून एक दोनशे पानी वही आणली. एका मुलाला एक पान. वर्षातून दोनदा फोन, एक दिवाळीत आणि एक जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर. प्रश्न अगदी साधे ठेवले, कुठे राहतोस, शिकतोस का काम करतोस, दोन वेळचं नीट जेवतोस का, कागदपत्रं स्वतःच्या हातात आहेत का आणि रात्री-अपरात्री अडचण आली तर फोन कुणाला करतोस. यातल्या शेवटच्या प्रश्नावर बरीच मुलं गप्प व्हायची. फोन लागला नाही तर तेही लिहायचं, 'संपर्क नाही'. सगळ्यात जास्त काळजी त्याच पानांची वाटायची.

चार-पाच वर्षं झाल्यावर मी एकदा सुट्टीत सगळी पानं ओळीने वाचली आणि माझे स्वतःचेच काही समज मोडले. मला कायम वाटायचं की दहावीला चांगले मार्क पडले की मुलगा मार्गी लागला. वहीत तसं दिसेना. फर्स्ट क्लासमध्ये पास झालेला आमचा एक मुलगा धाब्यावर भांडी घासत होता, कारण आयटीआयच्या ॲडमिशनच्या वेळी जातीचा दाखला नव्हता आणि आधारवर संस्थेचा पत्ता होता, तो बदलायला पुरावा नव्हता, पगार दुसऱ्याच्या खात्यात जमा व्हायचा कारण स्वतःचं खातं नव्हतं. आणि अभ्यासात कच्चा असलेला दुसरा एक टू-व्हीलरच्या गॅरेजमध्ये पक्का लागला होता कारण आमच्या शेजारच्या तालमीतले वस्ताद त्याला दर रविवारी घरी जेवायला बोलवायचे आणि त्यांनीच त्याच्यासाठी शब्द टाकला होता. ज्यांच्या हातात कागद होते आणि ज्यांना एक तरी मोठं माणूस होतं ती मुलं पडून-धडपडून उभी राहिली होती, ज्यांना दोन्ही नव्हतं त्यांची पानं दुसऱ्या-तिसऱ्या फोननंतर कोरी.

दुसरी गोष्ट तर मी वही नसती तर कधीच बघितली नसती. दिवाळीच्या आगेमागे घरी पाठवलेल्या मुलांच्या पानांवर 'शाळा सुटली' जास्त वेळा लिहिलं होतं, आणि मे-जूनमध्ये पाठवलेली मुलं बऱ्यापैकी शाळेत टिकली होती. विचार केल्यावर कारण सरळ आहे, मधल्या सत्रात गेलेल्या मुलाला गावच्या शाळेत रुळायला वेळ मिळत नाही, तेवढ्यात आईबाप तोडीला निघतात आणि मूल त्यांच्यासोबत फडात जातं. पण वर्षानुवर्षं आम्ही दिवाळीलाच मुलं घरी पाठवत होतो कारण सण आहे, मूल घरी असावं, म्हणजे भावना चांगलीच होती.

मग आम्ही तीन बदल केले. मूल पंधराचं झालं की जन्माचा दाखला, जातीचा दाखला, आधार, बँक खातं याची फाईल सुरू करायची, अठरापर्यंत थांबायचं नाही. प्रत्येक मुलाला बाहेरचा एक माणूस शोधायचा, निवृत्त शिक्षक, मावशी, वस्ताद, कुणीही, आणि त्याची नीट चौकशी करून समितीच्या कानावर घालून मगच भेटी सुरू करायच्या. आणि घाई नसेल तर घरी पाठवणं शाळेच्या वर्षाच्या सुरुवातीला करावं अशी समितीला विनंती करायची, समितीने बहुतेक वेळा ती मानली. यासाठी वेगळा निधी लागला नाही, झेरॉक्स आणि एसटीचं तिकीट एवढाच खर्च. नंतरच्या मुलांच्या पानांवर 'कागद नाहीत' हे शब्द कमी होत गेले, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

आता कुणी म्हणेल ही एका बाईची वही, सरकारला कुठे असं जमतंय. पण कायद्यात हे आधीच लिहिलेलं आहे हो! बाल न्याय कायदा २०१५ चा, १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. त्याच्या कलम ३९ प्रमाणे प्रत्येक मुलाचा वैयक्तिक संगोपन आराखडा करायचा असतो, तो फॉर्म ७, आणि त्या फॉर्मच्या शेवटच्या भागात मूल संस्थेतून गेल्यावर काय झालं ते लिहायचं आहे, शाळेत घातलं का, शिकलेलं कौशल्य वापरतोय का, घरचे कसे वागतात, कुठली ओळखपत्रं मिळाली, आणि दोन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी पुन्हा भेटून नोंद करायची. म्हणजे प्रश्न तयार, रकाने तयार. तो भाग मी कितीतरी फाईलींमध्ये कोरा बघितलाय, आणि वही सुरू करण्याआधी आमच्याकडेही कोराच असायचा हे मी कबूल करते. जिल्ह्यात परिविक्षा अधिकारी, म्हणजे मुलाच्या घरची चौकशी आणि पाठपुरावा करणारे, मोजके, त्यांच्यामागे कोर्टाची तारीख, समितीचे अहवाल, पळून आलेली मुलं, त्यात जुन्या मुलाच्या गावी कोण जाणार आणि गेला तर प्रवासभत्ता कधी मिळणार. मी त्यांना दोष देत नाही. भरलेला भाग कुणी वाचतच नाही, मग तो भरायचा कशाला, असं होतं.

पैसा सरकार देतंय, नाही म्हणता येणार नाही. आपल्या राज्याच्या बालसंगोपन योजनेत, म्हणजे मूल संस्थेऐवजी कुटुंबात वाढावं म्हणून, मुलामागे महिन्याला १,१०० रुपये मिळायचे ते २०२३ मध्ये २,२५० झाले. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचे, म्हणजे मूल घरी सांभाळायला मदत म्हणून, महिना ४,००० रुपये आहेत, अठरानंतर अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेतून बाहेर पडलेल्याला आधाराची, सोय २१ पर्यंत आणि खास कारण असेल तर २३ पर्यंत देता येते. २०१८ मध्ये आपल्या राज्याने अनाथांना १ टक्का आरक्षण दिलं, तेव्हा आम्ही बालगृहात पेढे वाटले होते. पण या पैशाने नक्की काय झालं? २,२५० रुपये मिळणारं मूल दहावीपर्यंत शाळेत टिकलं का, मुलीचं लग्न अठराच्या आत झालं का, आरक्षण मिळालेला मुलगा नोकरीत रुजू झाला का अनाथ प्रमाणपत्रावरच अडकला? आमच्याकडून जे अहवाल मागायचे त्यात लाभार्थी किती आणि खर्च किती एवढंच असायचं, वर्षअखेरीला १०० टक्के खर्च झाला की काम झालं.

केंद्राने मध्यंतरी देशभरातल्या संस्थांची मोजणी केली, २०१८ च्या त्या अहवालात ९,५८९ संस्था सापडल्या, त्यातल्या कितीतरी कायद्याखाली नोंदणीच न केलेल्या. संस्था मोजल्या म्हणून निदान हे तरी समोर आलं, आता तिथून बाहेर पडलेल्या मुलांचीही तशीच मोजणी व्हायला पाहिजे.

बाहेरच्या देशांत हे चालतं. अमेरिकेत २०१० पासून सरकारी देखभालीतल्या मुलांना १७, १९ आणि २१ व्या वर्षी तेच तेच प्रश्न विचारतात, शिकतोस का, काम आहे का, राहायला घर नव्हतं असं कधी झालं का, तुरुंगात गेलास का, आधार वाटावा असं मोठं माणूस आहे का. माझ्या वहीतला शेवटचा प्रश्न तिकडेही आहे हे कळल्यावर मला बरं वाटलं. इंग्लंडमध्ये तर दरवर्षी आकडे जाहीर होतात आणि ते चांगले नसतात, सरकारी देखभालीतून बाहेर पडलेल्या १९ ते २१ वयाच्या दहातली साधारण चार मुलं ना शिकत असतात ना कामावर. पण तिथल्या माणसाला हा आकडा माहीत आहे, तो त्यावरून सरकारला धारेवर धरू शकतो. आपल्याकडे आकडाच नाही तर धरणार कशावरून?

आणि लांब कशाला, गडचिरोलीत काय झालं ते आपण बघितलंय. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत आधी बाळांचे मृत्यू नीट मोजले, हजारी १२१ बाळं वर्षाच्या आत जात होती. कोणत्या दिवशी गेलं, कशाने गेलं हे घरोघर विचारल्यावर कळलं की बरीचशी बाळं पहिल्याच महिन्यात, घरातच जातात, मग गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवून घरी उपचार सुरू केले आणि तो आकडा ३० च्या आसपास आला. मोजलं नसतं तर उपचार कुठे पोचवायचा हेच कळलं नसतं.

दोन गोष्टींची मात्र मला भीती आहे. आकडे मागितले आणि त्यावर संस्थांचे नंबर लावले, अनुदान कापलं, तर संस्था अवघड मुलांना दारातूनच परत पाठवतील, मतिमंद मूल नको, एचआयव्हीचं नको, दोनदा पळालेला तर नकोच, आणि नाहीतर आकडेच रंगवतील. म्हणून निदान सुरुवातीची काही वर्षं आकडे शिकण्यासाठी वापरा, शिक्षेसाठी नको, आणि कुठल्या संस्थेकडे कशी मुलं येतात हे बघूनच तुलना करा. दुसरी भीती नावांची. कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख उघड करता येत नाही आणि ते बरोबरच आहे, बालगृहात वाढलो हे आमच्या मुलांनी बायकोलासुद्धा सांगितलेलं नसतं कधीकधी. नंबर द्या, नाव नको, आणि मूल नको म्हणालं तर फोन ठेवून द्यायचा.

फोन कोण करणार, तर मला विचाराल तर आमचीच मोठी झालेली मुलं. त्यांना मानधन द्या, दोन दिवस शिकवा. मी फोन केला की मुलं 'सगळं ठीक आहे मॅडम' म्हणतात, आणि आमच्या जुन्या एका मुलाने केला की तेच मूल सांगतं दोन महिने भाडं थकलंय म्हणून. हे मी दोन दिवाळ्यांना करून बघितलंय.

तुम्हाला एकच विनंती. पुढच्या बालदिनाला तुमचा बातमीदार बालगृहात जाईल तेव्हा त्याला बेड मोजू द्या, पण अधीक्षकांना हेही विचारू द्या की मागच्या वर्षी जी मुलं बाहेर पडली त्यातल्या किती जणांशी तुमचं या सहा महिन्यांत बोलणं झालं. हाच प्रश्न जिल्हा बाल संरक्षण कक्षात पण विचारा. उत्तर जे काही येईल ते छापा, शून्य आलं तरी छापा.

माझी वही अजून माझ्याकडे आहे, आता तिसरी चालू आहे. नावं झाकून तिच्या रकान्यांची झेरॉक्स कुठल्याही संस्थेला द्यायला मी तयार आहे, तुमच्या कार्यालयात एक प्रत ठेवून जाईन. या दिवाळीचे फोन अजून पूर्ण झालेले नाहीत, सात जण राहिलेत, त्यातले दोन नंबर बंद आहेत आणि त्यातल्या एकाच्या शेवटच्या पत्त्यावर मी येत्या रविवारी जाऊन येणार आहे.

आपली,
एक निवृत्त अधीक्षिका