गार्सिया द ओर्ता उद्यानाच्या फलकावर मालूपा वैद्याचेही नाव हवे

मा. संपादक यांस,
सादर नमस्कार.

आपल्या दैनिकात इतिहासातील विलक्षण माणसांविषयी आणि जुन्या चालीरीतींविषयी अधूनमधून येणारे लेख मी आवडीने वाचतो. त्याच अनुषंगाने पणजीतील एका परिचित जागेसंबंधी थोडे लिहावेसे वाटते. चर्चच्या समोरील गार्सिया द ओर्ता उद्यानातून रोज शेकडो माणसे ये-जा करतात आणि पोर्तुगीज नावे बदलण्याचा विषय निघाला की कोणी ना कोणी या उद्यानाच्या नावाकडेही बोट दाखवतो. माझे मत असे की हे नाव राहू द्यावे. मात्र त्याखाली सोळाव्या शतकात गोव्यात राहिलेल्या या पोर्तुगीज वैद्याची संपूर्ण हकीकत मराठी-कोकणीत लिहावी, आणि त्या हकिकतीत मालूपा व आंतोनिया ही आणखी दोन नावे अवश्य यावीत.

ओर्ताचे आईवडील मूळचे स्पेनमधील ज्यू. १४९२ मध्ये तेथून हाकलले गेल्यावर ते पोर्तुगालात आले आणि पुढे १४९७ मध्ये तेथील ज्यूंवर सक्तीने बाप्तिस्मा लादला गेला. अशा घरात सोळाव्या शतकाच्या आरंभी जन्मलेला हा मुलगा स्पेनमधील सालामांका आणि आल्काला येथील विद्यापीठांत वैद्यक शिकला, लिस्बनच्या विद्यापीठात काही काळ शिकवू लागला आणि १५३४ च्या मार्चमध्ये मार्तीम आफोंसु द सौझा या पोर्तुगीज सेनानीच्या आरमाराबरोबर त्याचा वैद्य म्हणून गोव्याला निघाला. त्याच्या पाठोपाठ दोनच वर्षांनी पोर्तुगालात इन्क्विझिशन, म्हणजे ख्रिस्ती धर्मापासून ढळल्याचा संशय असलेल्यांना शिक्षा करणारे धर्मन्यायालय, सुरू झाले, हे ध्यानात घेतले की त्याच्या प्रवासामागे केवळ साहसाची हौस असेल असे वाटत नाही. गोव्यात त्याने उरलेले सारे आयुष्य काढले. व्हाइसरॉयांपासून अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहापर्यंत अनेक बड्या लोकांवर त्याने उपचार केले, रत्ने आणि औषधी द्रव्यांचा व्यापार केला आणि मुंबई बेट भाडेपट्ट्याने घेऊन तेथे वाडाही बांधला.

त्याचे खरे काम म्हणजे १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात छापून पूर्ण झालेला ग्रंथ. अबिसिनियासाठी (आजच्या इथिओपियासाठी) निघालेला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात उतरला आणि इथेच राहिला. त्यानंतर अवघ्या सात वर्षांत जुआंव द एंदेम या मुद्रकाने हिंदुस्थानातील औषधी वनस्पती व द्रव्ये यांवरील हे एकोणसाठ संवाद छापले. छपाईत चुका इतक्या राहिल्या की शेवटी लांबलचक शुद्धिपत्र जोडावे लागले. ग्रंथाच्या आरंभी लुईश द कामोंइश या कवीची एक कविता आहे, आणि पुढे पोर्तुगालचा महाकवी ठरलेल्या या माणसाची छापून आलेली ती पहिली कविता. चारच वर्षांनी, १५६७ मध्ये, क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने अँटवर्पहून या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप काढला आणि गोव्यात तपासलेली माहिती युरोपभर पसरली.

या संवादांची रचना मोठी गमतीची आहे. स्पेनहून नुकताच आलेला रुआनो नावाचा एक काल्पनिक वैद्य पुस्तकी विद्येचा भार घेऊन ओर्ताच्या घरी येतो आणि ग्रीक आचार्यांचे दाखले देत राहतो. ओर्ता मात्र आपण डोळ्यांनी पाहिलेले तेवढे सांगतो. स्पेनमध्ये असतो तर गॅलेन या प्राचीन ग्रीक वैद्याच्या विरोधात तोंड उघडण्याचे धाडस झाले नसते, अशी कबुलीही तो देऊन टाकतो. हिऱ्याची पूड विषारी असते हा युरोपातील जुना समज त्याने असाच उडवून लावला. मोडशीच्या (कॉलऱ्याच्या) साथीतल्या रोग्याचे वर्णन करताना तो क्षीण झालेली नाडी, थंडगार घाम, न शमणारी तहान आणि पायांत येणारे गोळे असे एकेक लक्षण नोंदवतो. आशियातील या रोगाचे युरोपीय वैद्याने केलेले इतके स्पष्ट वर्णन त्याआधी आढळत नाही.

हिंगाचा संवाद तर मुळातून वाचण्यासारखा आहे. विजयनगरात एका पोर्तुगिजाकडे एक उंची घोडा होता, पण त्याला वायूचा विकार असल्याने राजा तो विकत घेईना. धन्याने पिठात हिंग कालवून घोड्याला चारला, घोडा बरा झाला, आणि राजाने चांगली किंमत मोजून तो घेतला. कशाने बरा केलास, असे राजाने विचारले तेव्हा पोर्तुगिजाने हिंगाचे नाव सांगितले. त्यावर राजा म्हणाला की यात नवल ते काय, तू त्याला देवांचे अन्न खाऊ घातलेस. पोर्तुगिजाने मात्र हळूच आपल्या भाषेत पुटपुटून घेतले की देवांचे कसले, सैतानांचे म्हणा. ओर्ताने दोन्ही बाजू तशाच लिहून ठेवल्या आहेत. तसाच भांगेचा किस्सा. गुजरातचा सुलतान बहादूरशहा सौझाला सांगत असे की रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान आणि इराण फिरून यावेसे वाटले की आपण थोडी भांग घेतो, तेवढ्याने काम भागते. (घरबसल्या परदेशवारीची ही सोय आजच्या पर्यटन खात्याच्या नजरेस न आलेली बरी.)

आंब्याच्या संवादात मध्येच वर्दी येते की मुंबईच्या जमिनीवरचे कूळ गव्हर्नरला नजर करण्यासाठी आंब्यांची टोपली घेऊन आले आहे. आपल्या बेटावरचे एक झाड वर्षातून दोनदा फळते, असे ओर्ता अभिमानाने सांगतो आणि गव्हर्नरच्या आधी आपणच चव घेऊन पाहू असे सुचवतो. ज्या कुळाने ती टोपली समुद्रमार्गे गोव्यापर्यंत आणली, त्याच्या वाट्याला यातले काय आले असेल, हा प्रश्न संवादात कोणी विचारत नाही. आपल्या अंगणातला प्राजक्तही या ग्रंथात आहे. सूर्याच्या प्रेमात पडलेल्या आणि त्याने टाकून दिल्यावर जीव दिलेल्या मुलीच्या राखेतून हे झाड उगवले, म्हणून त्याची फुले सूर्याचे तोंड पाहत नाहीत, ही कथा ओर्ताने इथल्याच लोकांकडून ऐकून लिहून घेतली.

ऐकून लिहून घेतली, यावर माझा भर आहे. ओर्ता निरीक्षक म्हणून मोठा होताच, पण या मातीतली माहिती त्याला कोणीतरी सांगितली होती. निशोत्तर या रेचक औषधी वेलीच्या संवादात मालूपा नावाचा हिंदू वैद्य प्रत्यक्ष येऊन बसतो आणि हे औषध कसे व केव्हा द्यायचे याची चर्चा करतो. सोळाव्या शतकातील युरोपीय शास्त्रग्रंथात एका देशी वैद्याने नावानिशी बोलावे आणि त्याचे मत सालामांकाच्या पदवीधराने ऐकून घ्यावे, ही गोष्ट साधी नव्हे. दुसरी आंतोनिया. ही ओर्ताच्या घरातली दासी. हाक मारली की ती झाडपाला, फळे, मुळ्या आणून पुढे ठेवते, आणि चर्चा पुढे सरकते ती तिने आणलेल्या वस्तूमुळे. तिच्याविषयी यापलीकडे ग्रंथ फारसे काही सांगत नाही. तिला स्वातंत्र्य नव्हते आणि तिचा मालक ओर्ताच होता, हेही फलकावर आले पाहिजे. त्याला संत करून ठेवण्याची मुळीच गरज नाही.

आता शेवट. गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायालय १५६० मध्ये आले. ओर्ताला प्रतिष्ठा होती, मित्र वरच्या जागांवर होते, त्यामुळे हयातीत त्याच्यावर हात पडला नाही. लिस्बनमध्ये आधी तुरुंगवास भोगून १५४९ मध्ये गोव्यात त्याच्याकडे आलेली बहीण कातारीना मात्र सुटली नाही. १५६८ मध्ये तो वारला आणि पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १५६९ रोजी, गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून तिला गोव्यात जिवंत जाळण्यात आले. चौकशीच्या कागदांत भावाचेही नाव आले. मग १५८० च्या डिसेंबरात, मृत्यूला बारा वर्षे उलटल्यावर, ओर्ताची हाडे उकरून काढून जाहीर समारंभात जाळण्यात आली. हे न्यायालय कायमचे बंद व्हायला १८१२ साल उजाडावे लागले. पुढे त्याच पोर्तुगालने विसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या दोनशे एस्कुदोंच्या नाण्यावर गार्सिया द ओर्ताचा चेहरा छापला.

म्हणूनच, हे नाव वसाहतवादी आहे आणि पुसून टाकावे, या म्हणण्याशी मी सहमत नाही. ज्या सत्तेने आमच्या पूर्वजांची देवळे पाडली, देवांना रात्रीच्या रात्री नदीपलीकडे न्यायला लावले आणि घरातल्या चालीरीतींवर पहारे बसवले, तिनेच या माणसाची हाडेही थडग्यात राहू दिली नाहीत. तो व्यापारी होता, सत्तेच्या आरमारातून आला, दासदासी बाळगून होता, हे सारे खरे आहे. तरीही उद्यानावरचे त्याचे नाव विजेत्यांच्या नावांत सरसकट गणणे अज्ञानाचे ठरेल. उलट नुसते नाव ठेवून बाकी सारे गाळणे, हीसुद्धा एक प्रकारची पुसापुशीच आहे, आणि मला ती अधिक खटकते. शाळेतल्या मुलाने बागेत जाऊन हा ओर्ता कोण असे विचारले, तर बरोबरच्या मोठ्या माणसाला उत्तर देता येईल एवढी तरी सोय तिथल्या तिथे असावी.

खर्चाचा विचार केला तरी ही मागणी मोठी नाही. पणजी महापालिकेने दर्शनी भागात देवनागरीत एक सविस्तर फलक लावावा. त्यात १५६३ चा ग्रंथ, १५६९ आणि १५८० या वर्षी घडलेल्या घटना, मालूपा वैद्य आणि आंतोनिया यांचा उल्लेख असावा आणि मजकूर इतिहासाच्या व वनस्पतिशास्त्राच्या जाणकारांकडून तपासून घ्यावा. ग्रंथात आलेल्या वनस्पतींपैकी प्राजक्त, निगुंड, भिरंड (कोकम), नागवेल, आवळा, वेखंड, आले आणि हळद या आपल्याकडे सहज वाढतात; त्यांचा एक वेगळा वाफा करून प्रत्येकापुढे तिचे मराठी व कोकणी नाव आणि ओर्ताने नोंदवलेला उपयोग दोन ओळींत लिहावा. वाफ्यात एक वेल निशोत्तराची असावी आणि तिच्या पाटीवर मालूपाचे नाव असावे. राज्यातील आयुर्वेद महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना या कामात सामील करून घेतले तर रोपांची निगाही राहील. आपल्या दैनिकाने हा विषय संबंधितांपर्यंत पोहोचवावा, अशी विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक, फोंडा